अव्वाचा फोटो आणि साडेसात फूट

नळदुर्ग,
रविवार

ती. शंभुलिंग दाजींना मल्लिकार्जुनाचे शरणार्थ.

इकडं सगळे खुशाल. तिकडची खुशाली अक्काच्या फोनवरून अव्वाला कळते, अव्वाकडून जगदेवीला, आणि बायको रागावलेली नसेल त्या दिवशी तिच्याकडून मला. तुमचा डावा गुडघा दुखतो की उजवा, हे मात्र तिघींपैकी कुणीच नीट सांगत नाही. नेमकं कळवा. मीच फोन केला असता, पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगापासून तुम्ही माझा आवाज ऐकला की "हां, देतो" म्हणून फोन अक्काच्या हातात देता. पत्राचं तसं करता येत नाही (येतं म्हणा, पण वर तुमचं नाव आहे).

तर मी कॅमेरा घेतला. मोबाईल नव्हे; भिंग काढता-घालता येतं असा कॅमेरा. कंपनीचा सगळ्यात खालचा नमुना आहे, पण जळलेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरायचं काम तरी मी कुठं कुणाकडं शिकलो? जुनी मोटार उकलून शिकलो. कारण असं की अव्वाला ऐंशी पूर्ण झाली आणि आईचा म्हणून घरात फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते (आपल्या घरात कोंबडी शिजत नाही, तरी). तेव्हा ठरवलं, एक फोटो असा काढायचा की तिच्या कपाळावरच्या भस्माच्या तिन्ही रेघा वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. दोनच दिसल्या तर फोटो बाद.

माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, ती मी तीनदा वाचली. आयतं काम नको म्हणून चकती सरळ एम वर नेली, म्हणजे शटर, छिद्र, आयएसओ सगळं आपल्या हातानं. छिद्राचा आकडा वाढवला की छिद्र लहान होतं (हे ज्यानं ठरवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे). पहिल्या दिवशी अव्वा कोळशात बसल्यासारखी आली, दुसऱ्या दिवशी पिठात. शेवटी दुकानाच्या भिंतीवर तक्ताच लिहिला: सकाळी आठ, ओसरी, आयएसओ चारशे, छिद्र पाच पॉइंट सहा, शटर एकशेपंचवीस. एक गिऱ्हाईक तो मोटारीचा समजून वहीत उतरवून घेऊन गेलं.

उजेड जमला, मग फोकस. ऑटोफोकसमध्ये बटण अर्धं दाबायचं, कॅमेरा आपला आपण नेम धरतो आणि 'पीप' वाजवतो, मग बटण पूर्ण दाबायचं. आत नऊ ठिपके आहेत. सगळे चालू ठेवले तर जे जवळ असेल त्यावर तो भाळतो. त्यामुळं पहिल्या बावीस फोटोंत जास्वंदीची कळी बघत राहावी अशी आली आहे आणि मागं धुक्यात अव्वा. मग मधला एकच ठिपका ठेवला, बरोबर भस्मावर नेला, पीप वाजलं, आणि अव्वा उठली. पीप म्हणजे झालं, असं तिला वाटत असणार (असं मला वाटलं. पुढं वाचा). अशा एकतीस फोटोंत अव्वा उठतेच आहे. पदर स्पष्ट, भस्म चौकटीच्या बाहेर.

ऑटोफोकस नाही तर पीप नाही, म्हणून भिंगावरचा खटका हातफोकसवर टाकला. टेप लावून साडेसात फुटांवर खुर्ची ठेवली, तिच्यावर अव्वाच्या कपाळाइतकी उंच ज्वारीची गोणी, गोणीवर लाइटबिल चिकटवलं. पडद्यावर मोठं करून मीटर नंबर वाचता येईपर्यंत भिंग फिरवलं, मग हात काढला. गोणी उतरवून अव्वाला बसवलं. पाठीला भिंत लागल्याशिवाय अव्वा बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी कॅमेऱ्याकडं वळेपर्यंत तिनं खुर्ची दोन फूट मागं ओढली होती. त्या फोटोत फरशीवर सांडलेली बडीशेप मोजून घ्या: सात दाणे.

दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या आणि खुर्चीला मागून गोणी लावली. अव्वा टेकून बसली. पीप नाही, हालचाल नाही. मी श्वास रोखला, आणि अव्वा उठली.

"आता पीप कुठं वाजलं?" मी ओरडलो.

"तू दम धरलास की कळतंय रं," अव्वा म्हणाली.

जगदेवी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, महिना झाला त्या उठायल्यात. तुम्हाला पीपच ऐकू यायलंय. का उठता, म्हणून इचारा की एकदा."

विचारलं. (हे पुस्तिकेत कुठंही नाही.) अव्वा म्हणाली, "एकल्या म्हातारीचा फोटू काढत्यात ते भिंतीसाठी. तुझ्या डोळ्यात मला खिळा दिसायलाय. तुझ्या अक्कासंग काढ, माझ्या राजीसंग. मग दिसभर बसते, हालले तर इचार."

(खिळा मी आणलेला होता. अडीच इंची. तिला कसं कळलं कोण जाणे.)

असो. अक्काला शरणार्थ. गुडघ्याचं नेमकं कळवा.

आपला,
मल्लिकार्जुन

ता. क. तुमच्या वास्तुशांतीला, पंगत बसायच्या वेळी, मी देवघराच्या ओट्यावर समतळ बघायची पाणसळ ठेवून बुडबुडा दाखवला आणि ओटा दोन सूत उत्तरेला कलला आहे असं चार माणसांत सांगितलं (चार म्हणजे साधारण साठ). तेव्हापासून अक्का माहेरी आलेली नाही. अव्वाचा फोटो तिच्याशिवाय निघत नाही. चार दिवस धाडा.

ता. ता. क. गोणी सरळ बसली का बघायला परवा तीच पाणसळ काढली. एकीकडून ठेवली तर बुडबुडा उत्तरेला, उलटी फिरवून ठेवली तर दक्षिणेला, दोन्हीकडं तेच दोन सूत. चांगली पाणसळ असं करत नाही. ही तपासणी मी त्या दिवशी, तोंड उघडायच्या आधी करायला हवी होती. तुमचा ओटा सरळ आहे, दाजी. हे त्या साठ जणांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

आणखी एक. तुम्हीही या. बटण जगदेवी दाबणार. तिनं परवा चकती हिरव्या ऑटोवर, म्हणजे सगळं कॅमेऱ्यावर सोडून, सहज एकदा दाबलं, तर अव्वावर ओरडणाऱ्या माझ्या कपाळावरच्या तिन्ही रेघा आल्या. ओसरीवर चार खुर्च्या मांडून ठेवल्यात. अंतर मोजलेलं नाही.