एकतीस डोक्यांचे दोरे

दि. १४, मंगळवार

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. गुडघा कुरकुर करतो, पण त्याला विचारतंय कोण! तुझे टाके आता ओढत नाहीत ना? चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच. हे पत्र नेहमीसारखं तुझ्या ऑफिसात नेऊन दिलेलं नाही. खालच्या मजल्यावरची मास्तरीण फोटो काढून थेट तुझ्या फोनवर पाठवणार आहे. तिला म्हटलं, “डोळे मिटून काढ.” तर म्हणते, “आजी, मग पत्राऐवजी तुमचं नाक जाईल.” जाऊ दे. सध्या माझा भरवसा तिच्या एकटीवरच उरलाय.

आधी आनंदाचं सांगते. शनिवारी ती पेपर घेऊन धापा टाकत वर आली. “आजी, नात छापून आलीय!” अगं, काय तो फोटो! बर्फात तुम्ही सगळे जाडजूड कोट घालून उभे, गाद्या वाळत घातल्यासारखे. तोंडं कुणाची ओळखू येतील तर शपथ. पण एक पाय तिरका टाकून उभी राहणारी एकच, ती माझी. आणि मागच्या लोकांच्या डोक्यावर माझ्या लाल टोप्या! पृथ्वीच्या पार शेवटच्या टोकाला माझी वीण पोचली, भिंगरे. मी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना फोटो दाखवून आले. दूधवाल्यालाही सोडलं नाही.

मास्तरणीने मग खालचा मजकूर वाचला. बर्फाच्या त्या मुलखात सगळ्या देशांनी मिळून राहायचं, हत्यारं न्यायची नाहीत, असा करार आहे. म्हणून तीन देशांच्या माणसांनी तुमच्या शेजारच्या तळाची तपासणी केली. तिथे अठरा माणसं, सगळी संशोधक, सैन्याचं कुणीही नाही. खाली तिघांच्या सह्या, त्यात तुझी. मी तिला परत वाचायला लावलं. एकदा आनंदाने. दुसऱ्यांदा का, ते सांगते पुढे.

आपल्या गॅलरीतल्या कुंडीला तीन कळ्या आल्यात. न्हाणीघराचा नळ अजून गळतोय.

काल एक माणूस आला होता. म्हणाला, तुझ्या ऑफिसातून आलोय, तुझ्या विम्याचा कागद आहे. तुझ्या ऑफिसातले आधी फोन करतात आणि दारातूनच “आजी, चहा टाका” म्हणून ओरडतात. हा न कळवता आला. बाहेर रस्ता खणलाय, सगळ्यांचे बूट चिखलाने भरतात, याचे लख्ख. म्हणजे गाडी अगदी दारापर्यंत आणलेली. चहा घेतला नाही. खुर्चीवर बसण्याआधी खिडकीतून खाली पाहिलं. मी मनात म्हटलं, हे पाणी वेगळं आहे.

विम्याचं एक वाक्य बोलला आणि म्हणाला, “तुम्ही टोप्या फार सुरेख विणता असं ऐकलं.”

आता तूच सांग, विम्याला टोपी कशाला लागते?

पण माझं मेलं तोंड! कौतुक केलं की पाझर फुटतो. मी सगळं सांगत बसले. तुमच्या तळावर डॉक्टर नाही, भर हिवाळ्यात तुझं अपेंडिक्स फुटायला आलं, विमान उतरेना. शेजारच्या देशाचे डॉक्टर वादळातून येऊन तुला त्यांच्या तळावर घेऊन गेले आणि त्यांनी तुला वाचवलं. म्हणून मी त्यांच्या अख्ख्या तळाला टोप्या विणल्या. मापाचंही सांगितलं. मला इंच-सेंटिमीटर कळत नाही, मी दोऱ्यावर विणते. डोक्याभोवती दोरा फिरवायचा, टोकाला टोक भिडलं की कापायचा. एका डोक्याला एक दोरा. तू तिथे आठ दिवस पडून होतीस, तेव्हा जेवणाच्या खोलीत सगळ्यांना रांगेत उभं करून दोरे कापलेस आणि पाठवलेस. सगळे गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते, असं लिहिलं होतंस.

तो म्हणाला, “वा! मग किती विणल्या?”

भिंगरे, मी सांगितलं. छाती फुगवून सांगितलं. एकतीस. पेपरातले अठरा खटकले म्हणूनच मी दुसऱ्यांदा वाचायला लावलं होतं, पण कौतुकाच्या भरात तेही विसरले.

त्याने लिहून घेतलं नाही. नुसती मान हलवली. मला तेच जास्त लागलं. लिहून न घेणाऱ्या माणसाला आकडा आधीच ठाऊक असतो. म्हणजे हा विम्याचा नव्हे, चौकशीचा माणूस. मग विचारलं, दोरे आहेत का अजून? मी म्हटलं, शोधावे लागतील. ते माझ्या उशाशीच होते.

तो गेल्यावर दार लावलं, कडी दोनदा तपासली आणि दोरे पलंगावर पसरले. अठरा दोरे एकेक तऱ्हेचे. कुणाचे केस दाट, कुणाचा अंबाडा. दोरा सैल पडतो, टोकं वेडीवाकडी येतात. उरलेले तेरा मात्र आखल्यासारखे. केस अगदी बारीक कापलेले, दोरा कातडीला चिकटून फिरलेला. विणतानाच मी म्हटलं होतं, यांचा न्हावी एकच दिसतो. तेव्हा हसले होते. तुझे आजोबा सैन्यातून सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या डोक्याचं माप असंच यायचं.

मास्तरणीला आडून विचारलं. ती म्हणाली, तिथे सैनिक असायलाही हरकत नाही. सामान वाहायला, रस्ते साफ करायला चालतात. पण आधी कळवायचं असतं. कळवले नाहीत, म्हणजे काहीतरी लपवताहेत.

मग मला तुझाच संशय आला. देवाशप्पथ, लिहिताना हात थांबतो. मोजायला चुकलीस म्हणावं, तर तू स्वतः एकतीस डोक्यांभोवती दोरा फिरवलायस. तुला कुणी धमकावलं का? काही लालूच दाखवली? का त्या डॉक्टरांच्या उपकाराखाली दबून सही केलीस? शेवटचंच असावं. अठरा सोडून एकतीस लिहिले असते तर भांडण पेटलं असतं, त्यांनी आपलं दार लावून घेतलं असतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तुमच्यातल्या कुणाचं पोट फाटलं तर हाक कुणाला मारायची? एवढा विचार तू केला असशील. मी तुला वाढवलंय, मला कळतं. पण त्या तेरा जणांनी टोपीखाली काय लपवलंय, ते ना तुला ठाऊक, ना मला. उद्या काही झालं तर त्या कागदावर तुझंच नाव आहे.

तो शुक्रवारी चार वाजता परत येतोय. एक कागद आणणार आहे. त्यावर एवढंच असेल म्हणाला, की मी एकतीस डोक्यांच्या मापाने एकतीस टोप्या विणल्या. ते खरं आहे. माझ्याकडून खोटी सही व्हायची नाही, आणि खऱ्या गोष्टीला नाही म्हणणंही जमायचं नाही. दोरे जाळावेत म्हणून आज सकाळी काडी ओढली होती. विझवली. त्यातलं प्रत्येक डोकं तुझ्या हाताखालून गेलंय.

तर तू आधी लिही. आजच. तुझ्या वरच्यांना स्वतःहून कळव की तिथे एकतीस होते, मी अठरा लिहिले, आणि का लिहिले. डॉक्टरांनी कसं वाचवलं तेही लिही, दार बंद व्हायची भीती वाटली तेही लिही. ती भीती खोटी नाही, लोकांना कळू दे. तू सांगितलंस तर ती तुझी कबुली होईल. माझ्या सहीने गेलं तर फिर्याद होईल, आणि नातीवर फिर्याद करायला मी जन्माला आले नाही.

नोकरी जाईल कदाचित. ये इथे. खोली आहे, मी आहे.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्यांना दे.

शुक्रवारी चार वाजेपर्यंत तुझी,
आणि सही केल्यावरही तुझीच,
आजी