ठमाबाईचा रिपोर्ट

प्रिय ठमाबाई,

हे पत्र तुला पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते.

बाबा हृदयविकाराने गेले, त्या दिवसापासून मी लोण्याला शिवले नाही. वीस वर्षं उकडलेल्या भाज्या गिळल्या, रोज तासभर चालले. तू मात्र तळलेल्यावर ताव मारत राहिलीस, नावाप्रमाणे गोलमटोल झालीस. आणि तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं ते माझं. दोनशे तीस!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे खाण्यातून नाही, वडिलांच्या रक्तातून आलंय. गोळ्या घ्याव्या लागतील. बहिणीलाही लगेच तपासून घ्यायला सांगा."

ते "लगेच" मी तीन आठवडे पोटात ठेवलं. मग सहज म्हणून तुला लॅबमध्ये घेऊन गेले. तू रक्त द्यायला बाही वर केलीस, तेव्हा मनात म्हटलं, हिचा आकडा माझ्याहून मोठा येऊ दे. सख्ख्या बहिणीसाठी हे मागितलं मी!

संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेलो, तर तुझा आला शंभराच्या आत. तू तिथल्या बाकावरच मला मिठी मारलीस.

"ताई, तुझा किती आला गं?"

"तुझ्याइतकाच," मी म्हणाले. हरल्याचं कबूल करवेना.

बाबांचे गाल तुला मिळाले, हसू तुला, लाडही तुलाच. माझ्या वाट्याला त्यांचं रक्त आलं, तेही नासकं.

उद्या फोन करून खरा आकडा सांगणार आहे. तू रडशील, माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ करशील. तू रडलीस की मला बरं वाटेल, एवढं मात्र तुला कधीच कळू देणार नाही.

तुझी,
काटकुळी ताई