दादाला न केलेली तार

आबा,

तुम्ही वळवणहून परत यायच्या आत तारऑफिसात जाऊन येते. बयाबाई जेवायला वाढतील.

टेबलावरचं पत्र दादाचं आहे, आईच्या नावाचं. मी फोडलं. नाताळच्या सुट्टीत तो नि वहिनी मुलांना घेऊन लंडनहून पॅरिसला गेले होते. रघू तिथल्या बागेतल्या बाहुल्यांच्या खेळासाठी रोज हट्ट करायचा. कमळ बर्फावर घसरली. "आजी, तू असतीस तर गुडघ्याला हळद लावली असतीस," असं तिने स्वतः लिहिलं आहे.

आबा, आई गेल्याची तार मी केलेलीच नाही. शेवटच्या दिवशी आई म्हणाली होती, "पोरांची सुट्टी संपेपर्यंत कळवू नकोस गं." तुम्हाला मात्र मी तार केली म्हणून सांगितलं. तेराव्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, "साहेबाला आईचं सुतकसुद्धा जड झालं," तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. मुलांची शाळा सुरू झाली, तरी माझा हात धजेना. एका घरात तरी आई अजून आहे, असं वाटत होतं.

"या घराची पायरी चढू नकोस" असं तुम्ही त्याला लिहिलंत, ते मी टपालात टाकलेलं नाही. ते त्याच्या पत्राखाली ठेवलं आहे. काय बोलायचं ते मला बोला.

तारेत आई गेल्याची तारीख घालावी लागेल. ती वाचून, त्या दिवशी आपण मुलांबरोबर कुठे हसत होतो, हे दादाला आठवेलच. तरी खरीच घालते.

यमू