उतारा नसलेला काढा

४ जानेवारी २०१६, सोमवार
नवीन वर्ष, नवीन रोजनिशी. संकल्प: साखर बंद. आवाज चढवायचा नाही. जूनमध्ये मॅडम कोह रिटायर होतील, तेव्हा प्रिन्सिपल व्हायचं. (तिसरा झाल्यातच जमा आहे. माझ्याशिवाय आहे कोण?)

पासिर रिसला आमची शाळा. बाहेर बोर्ड 'एनरिचमेंट सेंटर'चा, आत चेटकीणविद्या. अठरा पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. मी व्हाइस-प्रिन्सिपल. यंदा आमची वल्लरी शेवटच्या वर्षाला. एकोणीस पूर्ण, हुशार, माझ्यावर गेलीय. ती माझ्यापासून काही लपवत नाही. आम्ही मैत्रिणीच आहोत.

१९ जानेवारी
सकाळी बीचवर उड्डाणाची प्रॅक्टिस. वल्लरी आणि तिच्या वर्गातली ती हुई मिन एकाच खराट्यावर. बराच वेळ खाली आल्याच नाहीत. शाळेत खराटे कमी पडतात हे यावरून सिद्ध झालं. मीटिंगमध्ये मी विषय लावून धरला. नवे खराटे मंजूर! मॅडम कोह माझ्याकडे जरा विचित्र बघत होत्या. कौतुक असावं.

९ फेब्रुवारी
चायनीज न्यू इयरची सुट्टी. हुई मिन आमच्याकडे वुडलँड्सला आली. दोन संत्री दोन्ही हातांनी दिली. मीही दोन परत दिली, रीत आहे. मुलगी तशी नम्र. म्हणाली, आंटी, वल्लरी मला स्पेलिंगपासून स्पेलपर्यंत सगळं शिकवते, very patient lah. (हे 'lah' इथे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला.) म्हणजे ही माझ्या मुलीच्या नोट्सवर पास होणार. निशिकांत म्हणाला, किती गोड मुलगी आहे. नवऱ्यांना माणसांची पारख नसते.

साखर खाल्ली. संत्र्यातली धरत नाहीत.

२६ फेब्रुवारी
भयंकर.

हुई मिनने दगड उचलायचा मंत्र म्हटला. दगड जागेवर. वल्लरी मात्र वर्गाच्या मध्यभागी हवेत उचलली गेली! आणि हसत होती. मी वर्गाला सांगितलं की एसीचा झोत आहे. सगळ्यांनी वळून एसीकडे बघितलं.

याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतो. दोन चेटकिणी एकमेकींत गुंतल्या की एकीचा मंत्र दुसरीला लागतो. म्हणून तर शाळेत प्रेमाला बंदी. त्या नियमाचं इंग्रजी मीच केलंय!

घरी शांतपणे विचारलं. वल्लरी म्हणाली, हो आई, माझं प्रेम आहे तिच्यावर, तुला सांगणारच होते, भीती वाटत होती. भीती? माझी? मी तिला अगदी खालच्या आवाजात समजावलं. शेजारची बाई दार वाजवायला आली ते दुसऱ्याच कशासाठी तरी असेल.

५ मार्च
मी मुलांच्या आयुष्यात ढवळाढवळ करणाऱ्या आयांपैकी नाही. म्हणून वितुष्टाचा अगदी हलका मंत्र. धपाट्यांत घातला, डबा भरला, वल्लरीला सांगितलं, हुई मिनला आवडतील.

१२ मार्च
डबा निशिकांतने ऑफिसला नेला होता. आठवडाभर तो माझ्याशी बोलत नव्हता म्हणे. आज वल्लरीने सांगितलं तेव्हा कळलं. मला नेहमीसारखाच वाटला.

२१ मार्च
मंत्रतंत्र सोडले. कायद्याने जायचं. मॅडम कोहना निनावी कळवलं. नाव फक्त हुई मिनचं घातलं. वल्लरीचं घालण्यात काय अर्थ?

२४ मार्च
काम फत्ते. हुई मिनला काढलं. तिने सगळं स्वतःवर घेतलं. चौकशीत म्हणाली, प्रेम माझंच एकटीचं होतं, वल्लरीला काही माहीतच नव्हतं. खोटारडी! पण सोयीचं खोटं, म्हणून मी अडवलं नाही.

दुपारी तिची आई आली. हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये फिशबॉल नूडल्सचा स्टॉल आहे त्यांचा. स्टॉल बंद ठेवून आली होती. म्हणाली, आमच्या घरात शिकलेली ही पहिलीच, एक चान्स द्या. मी टिश्यू दिला. नियमापुढे मी काय करणार, म्हटलं. ती उलट मलाच थँक्यू म्हणाली. माझ्या बोलण्यात गोडवा आहे, हे सगळेच म्हणतात.

८ एप्रिल, गुढीपाडवा
श्रीखंड केलं. वल्लरीने हात लावला नाही. तिचंही मीच खाल्लं, टाकवत नाही. (साखरेचा संकल्प आजपासून.)

रोज संध्याकाळी ही लायब्ररीत जाते असं मी सगळ्यांना सांगत होते. आज बसमधून दिसली. हौगांगच्या त्या स्टॉलवर टेबलं पुसत होती. शेजारी हुई मिन वाडगे धूत होती. काही बोलत नव्हत्या. काय असतं त्यात इतकं?

आता शेवटचा उपाय. विस्मरणाचा काढा. पिताना जो चेहरा मनात असेल, तो माणूस कायमचा पुसला जातो. उतारा नाही. म्हणूनच खात्रीचा.

१६ एप्रिल, शनिवार
माझ्यासारखी आई व्हायला अक्कल लागते.

काढा तयार ठेवला. आता वल्लरीच्या मनात हुई मिन यायला हवी, म्हणून तिच्या खोलीत जाऊन बसले आणि विचारलं, कशी आहे गं हुई मिन? नाव नीट उच्चारलं. एरवी मी 'ती' म्हणते.

वल्लरी बघतच राहिली. मग रडायला लागली. मग बोलायला लागली. ती कशी हसते, आईला कशी मदत करते, पहिल्यांदा उडताना कशी घाबरली होती आणि हिने कसा हात धरला. मी हं हं करत होते. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. शाळेत जायला लागल्यापासून ठेवलं नव्हतं. पाय अवघडला, पण हलले नाही.

मग म्हटलं, आल्याचा काढा घे, घसा बसलाय तुझा. ती उठून बसली. म्हणाली, आई, तू पहिल्यांदा विचारलंस गं. आणि माझ्याकडे बघत बघत सगळा प्यायली. थेंब ठेवला नाही. मग मला मिठी मारून झोपली.

सगळं मनासारखं झालं.

१७ एप्रिल
वल्लरी उठून किचनमध्ये आली. गुड मॉर्निंग म्हणाली. मग अडखळली. निशिकांतला बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं, बाबा, ह्या आंटी कोण?

निशिकांत हसला. मग माझ्याकडे बघितलं. मग हसायचा थांबला.

नंतर तिने हुई मिनला फोन केला.

तात्पुरता परिणाम असावा. आलं जास्त पडलं असेल.

२ मे
निशिकांतने तिला फोटो दाखवले. बारसं, मुंज सोडून सगळं. ती नीट ऐकून घेते. 'ओके' म्हणते. मला दार उघडून धरते. लिफ्टमध्ये आधी जाऊ देते. इतकी अदबीने ती माझ्याशी कधीच वागली नव्हती. हा एक फायदा.

आज सामान घेऊन हौगांगला राहायला गेली. 'थँक यू फॉर एव्हरीथिंग' म्हणाली.

मॅडम कोहना सगळं कळलं. मुलीवर विस्मरण वापरणाऱ्या बाईला शाळेत ठेवता येणार नाही म्हणाल्या. हुई मिनला परत घेतलं. नियमही रद्द. मी राजीनामा दिला, म्हणजे त्यांनी मागण्याआधी देणार होते.

२२ मे, रविवार
दोघी भेटायला आल्या. हुई मिनचा आग्रह, असं निशिकांत म्हणाला. मी पोहे केले. वल्लरी हात धुवायला गेली तेव्हा हुई मिन हळूच म्हणाली, आंटी, मॅडम कोहना तुम्ही कळवलंत ते मला तेव्हाच माहीत होतं. वल्लरीला नाही सांगितलं, तुमच्यामुळे तिला वाईट वाटलं असतं. आता सांगून तरी काय, lah.

पोह्यांना मीठ कमी होतं.

वल्लरीने दोनदा घेतले. खूप छान झालेत म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आंटी, तुम्हाला मुलं आहेत?

मुलगी आहे, म्हटलं.

इथेच असते?

इथेच.

फोन करते ना?

रोज, म्हटलं.

लकी आहात, म्हणाली, आणि ताटली उचलून सिंककडे नेली.