रोज पाचची भरती

दिघी, शनिवार, संध्याकाळ

संकेतच्या मजकुरात भरती रोज पाचला येते. सोमवारी पाच, मंगळवारी पाच, शनिवारीही पाचच. खाडीवरच्या बायकांवर आम्ही दोघं कॉलेजच्या प्रकल्पासाठी पुस्तिका लिहितोय. मुलाखती त्याच्या, बारा पानं; नकाशे आणि मोजमापं माझी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, हे इथे शाळेत जाण्याआधी कळतं. संकेत पालीचा. तिथे खाडी नाही, मान्य. पण विचारायला तोंड तर होतं?

त्यात माझ्या आत्याची मुलाखत दोन पानं आहे, म्हणून तिलाच विचारलं. "कोन संकेत? माज्याकडं कोनबी आला न्हाय."

त्याला फोन केला. "अगं, भावना खऱ्या आहेत ना? सरांना आवडलंय. तू तक्त्यावर सही कर, उगाच फौजदार होऊ नकोस."

सरांनी खरंच समासात 'जिवंत!' लिहिलंय. माझ्या नकाशांपुढे 'रुक्ष'.

राग नक्की कुणाचा? मागचे तीन आठवडे प्रगतीच्या तक्त्यावर त्याची पानं न वाचता मीच सही केली. त्याच्या पानावर आत्या पाचच्या भरतीकडे बघत डोळे पुसते. आत्या! तिला रडताना घरातही कुणी पाहिलेलं नाही.

तक्ता सोमवारी द्यायचा. त्याची पानं काढली की पुस्तिका वेळेत पुरी होणार नाही. गुण जातील, माझेही.

या आठवड्याच्या 'प्रगती' रकान्यात लिहिलं: उणे बारा पानं. खाली सही केली. या वेळी वाचून.