वर तोफा, खाली गॅस

११ फेब्रु. २०२२, शुक्र. नोव्हाय, अमेरिका
सकाळचा युरोपचा कॉल. पुरवठ्यातले धोके बघून शिफारस करायची, हे माझं काम. ओक्सानाने पुन्हा तोच विषय काढला. पश्चिम युक्रेनमधला आमचा प्लँट ती चालवते. जर्मन गाड्यांचे वायरिंग हार्नेस तिथे बनतात. तारांचं ते जाळं अजून हातानेच बांधावं लागतं, मोठाल्या बोर्डांवर. सीमेवर सैन्य जमलंय, तेव्हा बोर्डांचा दुसरा संच करून रुमानियात ठेवावा, असं तिचं म्हणणं.

मी बोललो. कोळसा आणि पोलाद यांचे उद्योग एकत्र आणून फ्रान्स-जर्मनीने शतकांचं वैर कसं मोडलं, तिथपासून. जर्मनीची घरं रशियाच्या गॅसवर ऊब घेतात, रशियाचा खजिना जर्मनीच्या पैशावर भरतो. युद्ध पेटवून असं गिऱ्हाईक कोण घालवेल? शेवटी जर्मन कंपनीचा मार्टिन म्हणाला, पटलं. दुसरा संच रद्द.

ओक्साना एवढंच म्हणाली, "तुम्ही छान बोलता."

शोभा चहा घेऊन दारात उभी. "समोर सात माणसं होती रे, सातशे नव्हती."

१९ फेब्रु., शनि.
इथल्या मराठी मंडळातून स्वातीचा फोन. २७ला मराठी भाषा दिन, व्याख्यान माझं. विषय: जर्मनी आणि रशिया, व्यापाराने बांधलेली शांतता. मराठी दिनाला जगाबद्दल बोलायचं, ही अट माझीच.

जाहिरातीसाठी तिने मागच्या वर्षीच्या भाषणाचा तुकडा ग्रुपवर टाकलाय. "ज्यांची चूल एक, ते एकमेकांचं छप्पर जाळत नाहीत." त्यावर टाळ्या. आज ऐकतानाही वाक्य आवडलं. लपवत नाही.

२२ फेब्रु., मंगळ.
जर्मनीने रशियाकडून येणारी नवी गॅसवाहिनी अडवून धरली! बातमी पुन्हा पुन्हा वाचली. बांधून तयार असलेली वाहिनी, आणि परवानगीच थांबवली. माझ्या अंदाजात हे नव्हतं.

पण जुन्या वाहिन्यांतून गॅस चालू आहे. म्हणजे धागा तुटलेला नाही. व्याख्यानात हे घ्यायचं.

शो. म्हणाली, "तू बातमी वाचतोयस की तिच्याशी वाद घालतोयस?"

२४ फेब्रु., गुरु.
झालं.

उठलो तेव्हा टीव्ही चालू होता आणि शो. उभ्यानेच बघत होती. तिकडच्या पहाटे हल्ला. राजधानीवर क्षेपणास्त्रं.

ओक्सानाचा फोन लागत नव्हता. दुपारी निरोप आला. प्लँट बंद केलाय, कामावरच्या बायका आपापल्या मुलांना घेऊन तळघरात आहेत, ती ठीक आहे.

ग्रुपवर कुणीतरी माझा तो तुकडा पुन्हा टाकला. शेरा नाही, नुसता तुकडा. खाली देशपांडेकाका, हृदयाचे निवृत्त डॉक्टर, माझ्या प्रत्येक भाषणानंतर पहिला प्रश्न विचारणारे: "वक्ते, त्यांनी तुमचं भाषण ऐकलं नसावं." पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसलो असतो.

खरा धक्का संध्याकाळी. गॅस चालूच आहे. समुद्राखालून जर्मनीकडे जाणारा आणि थेट युक्रेनच्या जमिनीखालून पुढे युरोपात जाणाराही. वर तोफा, खाली गॅस. पैसेही पोचताहेत. माझं वाक्य खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं. ते तंतोतंत खरं ठरलं. दोघांची चूल एकच राहिली, छप्पर तिसऱ्याचं जळलं.

त्या तिसऱ्याचा मी विचारच केला नव्हता. तो तर दर आठवड्याला माझ्यासमोर स्क्रीनवर बसत होता.

२५ फेब्रु., शुक्र.
कॉल. मार्टिन घाईत. हार्नेस नसतील तर पुढच्या आठवड्यात जर्मनीतली असेंब्ली लाइन थांबेल. साठा कुणीच ठेवत नाही. त्याला बोर्ड हवेत, ताबडतोब, ट्रकमध्ये भरून. मोरोक्कोत माणसं बघून ठेवलीत म्हणे.

ओक्साना तळघरातून. बऱ्याच बायका आज आपणहून कामावर आल्या. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की खाली, थांबला की वर. "बोर्ड एकदा गेले की परत येत नाहीत," ती म्हणाली. "मग आमच्याकडे यायचं कुणालाच कारण उरत नाही."

माझी शिफारस सोमवारी द्यायची. मार्टिन म्हणाला, "मागच्या वेळीही तुझी खात्री होती."

नंतर तिचा मला वेगळा निरोप: "व्यापार माणसांना बांधतो, हे तुम्ही म्हणालात. मग आता सोडू नका."

बोर्ड तिथेच ठेवा म्हणावं, तर त्या बायका रोज त्या इमारतीत येणार. आणि इमारतीवर काही पडलं तर?

२६ फेब्रु., शनि.
स्वाती चाचरत म्हणाली, काका, विषय बदलू या का? कवितावाचन वगैरे? नाही म्हटलं.

दिवसभर बोर्डांचं काहीच ठरेना. शो. भाजी चिरता चिरता, वर न बघता: "तेव्हा तिचं ऐकलं असतंस, तर आज दोन्हीकडे काम चाललं असतं. हा प्रश्नच आला नसता."



२७ फेब्रु., रवि.
बर्फ, तरी हॉल भरलेला. लोक मला पडताना बघायला आले असावेत. बघू दे.

सकाळीच बातमी: जर्मनी शस्त्रांवर अवाढव्य खर्च करणार. व्याख्यान तिथून सुरू करता आलं असतं. मी ११ तारखेच्या कॉलपासून सुरू केलं. ओक्सानाने काय मागितलं, मी काय बोललो, काय रद्द झालं. ते चुलीचं वाक्य म्हणून दाखवलं आणि त्यात कोण राहून गेलं तेही सांगितलं. टाळीची जागा एकही नव्हती.

देशपांडेकाका उठले. "मग आता बोर्ड आणायचे की ठेवायचे?"

"तिला विचारतो," म्हणालो. एवढंच सुचलं.

काका बसले. नंतर कॉफीच्या टेबलाशी खांद्यावर हात ठेवून: "तुझं भाषण आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं बघ."

घरी येताना शोभाने माझा हात धरला होता.

२८ फेब्रु., सोम.
कॉल सुरू होताच म्हणालो, आधी ओक्साना बोलेल, माझी शिफारस तीच. मी पुढे काही बोलेन म्हणून सगळे स्क्रीनकडे बघत राहिले.

तिने मांडलं: रुमानियात दुसरा संच आता करा, आजपासून. तो होईपर्यंत आमचे बोर्ड आमच्याकडे. तळघर खोल आहे. यायचं की नाही ते बायका ठरवतील, मी नाही, तुम्हीही नाही.

मार्टिन विचार करून सांगतो म्हणाला. लाइन त्याआधी थांबेल, हेही म्हणाला. मी बोलायला लागणार होतो. नाही बोललो.

संध्याकाळी तिचा निरोप. तयार हार्नेस भरलेला ट्रक पोलंडच्या हद्दीत शिरला. साठीच्या आतल्या पुरुषांना देश सोडायला बंदी आहे; ड्रायव्हर साठीच्या पुढचा, म्हणून बाहेर सोडला. जर्मनीत माल उतरवून तो रिकामा परत येणार. येताना त्याच्या हातात कागद काय असेल, नवे हार्नेस भरा की बोर्ड भरा, मार्टिन अजून सांगत नाही.

तिने विचारलंय, तुम्हाला काय वाटतं?

लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहायला घेतलं.