मशीनपुढं ढावलो

२ जुलै २०२५

संग्रहालय बघून आले. गावातल्या बालाजी मास्तरनं जुन्या गोदामात मांडलंय. गावकऱ्यांची पेरायची पाभर, मोहल्ल्यातला पाण्याचा तोटीचा बदना, आमच्या तांड्याचा आरशांचा घागरा, फेटिया — काचेत! फेटिया माझाच. "आजी, हात नका लावू," म्हणतो. तीस वर्षं अंगावर होता, तवा कोणी काही बोललं न्हाई!

मला अक्षर येत न्हाई. नात संगिता लिहिते, मी सांगते.

४ जुलै

मास्तर घरी. आता त्याला ढावलो पाहिजे. नवरी माहेर सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते. तांड्यात पूर्ण येणारी मी एकटी उरले. "तुमी गेल्यावर संपलंच की, आजी." तोंडावर! पोरगं खरं बोलतंय, म्हणून चहा पाजला.

५ जुलै

मास्तरची आवाज भरायची मशीन बाजेवर. लाल दिवा. मी तोंड उघडलं — काहीच न्हाई. पुन्हा उघडलं, तर हसू आलं. ढावलो काय शाळेतली कविता हाय?

मास्तर म्हणाला, "समजा, तुमी नवरी."

"मग नवरदेव दाखव. दात असलेला."

संगिता खिदळून राहिली. लिही म्हणलं.

६ जुलै

मशीन आली, चहा पिऊन गेली.

९ जुलै

संगिताला पुण्यात कॉलेज लागलं. माझा मुलगा रणजीत तिथंच कंपनीत. फोनवर म्हणाला, "याडी, ती इकडं आली की तू एकटी काहून राहतीस? कुलूप लावू घराला." मी हो म्हणाले. पोराला न्हाई म्हणायला गुडघे धड लागतात.

१० जुलै

गावातली धुरपताबाई आली. ती कुणब्याची. निंदायला आमी जन्मभर एका पातीला. पुण्याचं सांगितलं, तर म्हणाली, "जाय, लिफ्टीत बसून मिरव. मला काय!" चहा न घेता गेली. सडकी!

१३ जुलै

पुण्याला न्यायला जीप दारात. धुरपता आली. चिडवणार होते, तर तिच्या गळ्यातच पडले. ढावलो आला — सगळा. आमची बोली तिला कळत न्हाई, ती तिच्या मराठीत हेल काढून रडली. मास्तर निरोपाला आलेला, त्याची मशीन चालू होती म्हणे.

ढावलो माहेरासाठी असतो. हा तांडा तर माझं सासर.